अचानक आलेली संपत्ती आणि मुलांचा नफका

तलाकनंतर मुले आईकडे राहतात आणि बाप दरमहा ठरावीक रक्कम पाठवतो, अशी कुटुंबे आज आपल्या जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. रक्कम ठरताना बापाची जी परिस्थिती असते, ती कायम राहतेच असे नाही. महामार्गासाठी जमीन संपादित होते आणि मोबदल्याची मोठी रक्कम बँकेत जमा होते. आखाती देशातील नोकरी संपून एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते. वडिलांच्या निधनानंतर वारसाहक्काचा हिस्सा हाती येतो. अशा वेळी पूर्वी ठरलेले तीन हजार हे तीन हजारच राहतात काय? जुमाच्या नमाजनंतर हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. विचारणारा बहुधा मुलांचा मामा असतो, बाप क्वचितच.

दिव्य कुरआनात सूरह तलाकची सहावी आणि सातवी आयत एकत्र वाचावी. सहाव्या आयतीत विभक्त झालेल्या मातेने बालकास दूध पाजले तर तिला त्याचा मोबदला देण्याचा आदेश आहे. त्याला लागूनच सातव्या आयतीत सांगितले आहे की, संपन्न माणसाने आपल्या संपन्नतेनुसार खर्च करावा आणि ज्याची रोजी तंग आहे त्याने अल्लाहने त्याला जे दिले आहे त्यातून करावा. येथे आकडा नाही, मोजपट्टी आहे. आणि ती मोजपट्टी बापाची ऐपत ही आहे. आपल्याकडे या आयतीचा दुसरा भाग बापांना मुखोद्गत असतो, पहिला भाग मात्र विस्मरणात जातो. तंगीच्या दिवसांत ज्याने या आयतीची सवलत घेतली, त्याला संपन्नतेच्या दिवसांत तिचा आदेश नाकारता येत नाही.

फुकहांनी या बदलाचा विचार स्पष्टपणे केला आहे. हनफी फिक्हच्या ‘हिदाया’ या ग्रंथात मसला असा आहे की, काझीने तंगीच्या मानाने पत्नीचा नफका ठरवला आणि पुढे पती संपन्न झाला, तर तिने दाद मागितल्यावर काझी तो संपन्नतेच्या पातळीपर्यंत पूर्ण करून देईल. हा मसला पत्नीचा आहे, हे लक्षात ठेवावे. मुलांच्या नफक्याचे माप थोडे वेगळे असून त्यास ‘किफायत’ म्हणतात, म्हणजे गरज भागेल इतके. कोकणातील आपले बांधव शाफई मसलकाचे आहेत. त्या मसलकात पत्नीचा नफका धान्याच्या मापात ठरतो, तंगीत एक मुद्द, मध्यम स्थितीत दीड आणि संपन्नतेत दोन. परंतु मुलांच्या बाबतीत तेथेही किफायतच पाहिली जाते.

मग बापाकडे पैसा आला म्हणून मुलाची भूक वाढते काय? वाढत नाही. पण ज्या गरजा ऐपतीअभावी बाजूला पडल्या होत्या, त्या आता बापाच्या जिम्म्यात येतात. डॉक्टरांनी सांगूनही लांबलेली शस्त्रक्रिया, फी न भरल्यामुळे सुटलेली शाळा, पावसाळ्यात गळणारी भाड्याची खोली, या सगळ्या गोष्टी किफायतीत मोडतात. हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी पती अबू सुफयान (रजि.) पुरेसा खर्च देत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना स्वतःला व मुलांना ‘मारूफ’ रीतीने पुरेल इतके घेण्याची अनुमती दिली. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मारूफ म्हणजे त्या समाजात रास्त मानले जाणारे. सधन बापाच्या मुलासाठी जे रास्त, ते मजुराच्या मुलासाठी रास्त मानल्या जाणाऱ्या मापाने मोजता येत नाही.

दुसऱ्या बाजूचा अतिरेकही टाळावा. नफका हा संपत्तीतील हिस्सा नव्हे. चाळीस लाख आले म्हणून वीस लाख मुलांच्या नावे करा, अशी मागणी शरीअतमध्ये बसत नाही. बापाची देणी फिटून काय उरते, तेही पाहावे लागते. मोबदल्याची सारी रक्कम सावकाराकडे गेली तर तो संपन्न झाला असे म्हणता येणार नाही. मागील वर्षांचा वाढीव फरकही आपोआप कर्ज ठरत नाही. मात्र निवाड्यानुसार ठरलेली रक्कम थकली असेल, किंवा काझीच्या आज्ञेने आईने कर्ज काढून मुले पोसली असतील, तर ते देणे आधी फेडावे आणि नव्या घराचा पाया नंतर खोदावा.

सर्वांत नाजूक जागा दुसऱ्या संसाराची आहे. बापाने पुन्हा निकाह केलेला असतो. पैसा येताच नव्या घरातील मुलांच्या नावे मुदतठेव होते, जुन्या मुलांना मात्र तेच तीन हजार. येथे दोन हिशेब वेगळे ठेवावेत. नफका गरजेनुसार असतो, म्हणून दहावीच्या मुलीवर दोन वर्षांच्या बाळापेक्षा अधिक खर्च होणे अन्याय नव्हे. ‘हिबा’ म्हणजे देणगी. तेथे बरोबरी हवी. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली, तेव्हा सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे पैगंबरांनी (स.) विचारले आणि नकारार्थी उत्तर मिळताच ती परत घेण्यास सांगितले. आई घराबाहेर गेली म्हणून मूल औलादीतून बाहेर जात नाही.

काही मसले थोडक्यात. मोबदल्यावर जकात निघते, पण मुलांना पाठवलेले पैसे जकातीत धरता येत नाहीत. स्वतःच्या औलादीला जकात देणे जायज नाही. लॉटरीचा पैसा मुळातच हराम आहे. त्याच्या जोरावर नफका वाढवण्याचा विचार करू नये. आणि संपत्ती मुलालाच मिळाली, उदाहरणार्थ आजोळच्या हिब्यातून, तर त्याचा खर्च त्याच्या मालातून होऊ शकतो. बापाने तो माल स्वतःसाठी वापरू नये.

देशाच्या कायद्यातही हा मार्ग खुला आहे. मुस्लिम बापाने अल्पवयीन मुलांचा निर्वाह करण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली नूर सबा खातून खटल्यात स्पष्ट केली. परिस्थिती बदलल्यास ठरलेली रक्कम बदलून मागण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 मध्ये आहे. तरीही प्रथम दोन्हीकडील वडीलधाऱ्यांनी एकत्र बसावे, शक्य असल्यास दारुल कजात जावे. तेथे जो करारनामा होईल, त्यात दरमहाच्या आकड्याखाली आणखी एक ओळ लिहून घ्यावी: उभय पक्षांच्या परिस्थितीत किंवा मुलांच्या गरजेत मोठा बदल झाल्यास रक्कम पुन्हा ठरवली जाईल. या ओळीवर बापाचीही सही असावी आणि एक प्रत मुलांच्या आईकडे राहावी.