लाल पेन आणि एक 'ली'



दर शनिवारी वसतिगृहातल्या मुलींना मी इंग्रजी शिकवते. गेल्या सत्रात नववीतल्या एका मुलीने आपल्या देणगीदार भगिनींना आभाराचे पत्र लिहिले. त्यात एक वाक्य होते, 'आय स्टडी हार्ड.' क्रियेला क्रियाविशेषण हवे, म्हणून मी लाल पेनाने शेवटी 'ली' जोडले. पत्र गेले. काही दिवसांनी फोन आला, "मुलगी अभ्यास करत नाही का?"

शब्दकोश उघडला. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच! पहाटे उठून अभ्यास करणाऱ्या मुलीला मी आळशी ठरवले होते.

म्हणून हा धडा. विशेषण नामाबद्दल सांगते, क्रियाविशेषण क्रियेबद्दल. मराठीत आपण 'चांगली मुलगी' म्हणतो आणि 'ती चांगली गाते' असेही म्हणतो, शब्द एकच. त्यामुळे मुली 'शी सिंग्ज गुड' लिहितात. इंग्रजीत मुलगी 'गुड' असते, पण गाते 'वेल'.

'दिसणे', 'वाटणे' अशा क्रियापदांपाशी थांबावे. 'ती आनंदी दिसते' यात आनंदी कोण? ती. म्हणून 'शी लुक्स हॅपी'; तिथे 'हॅपिली' नको.

शेवटी 'ली' आला की क्रियाविशेषणच, असेही नाही. 'फ्रेंडली' हे विशेषण आहे. 'फास्ट' आणि 'हार्ड' जसेच्या तसे राहून दोन्ही कामे करतात. 'लेट' म्हणजे उशिरा, तर 'लेटली' म्हणजे अलीकडे.

बंगालमधील सिरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले. परकी भाषा शिकणे किती कष्टाचे, हे त्यांना ठाऊक असणार. आमच्या काही मुलींची तर घरची बोली वेगळी. मराठी त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी.

मी त्या भगिनींना पत्र लिहून चूक कबूल केली. वर्गातही सर्वांसमोर सांगितले, "तुझे बरोबर होते, माझे चुकले." ती हळूच म्हणाली, "ताई, मला वाटलंच होतं. पण तुम्हाला कसं सांगू?"

तो प्रश्न मला व्याकरणापेक्षा जास्त शिकवून गेला. आता तपासलेली वही परत देताना मी आधी विचारते, "तुला काय म्हणायचं होतं?"

आपल्या घरी वापरात नसलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश असल्यास वसतिगृहासाठी जरूर द्यावा. मुलींना लागेल, आणि मलाही.