मेकाँगवर किती रात्री? व्हिएतनाम-कंबोडिया सहलीचा खर्च कसा मोजावा

अंगकोर वाट मेकाँग नदीवर नाही. व्हिएतनाम आणि कंबोडिया बोटीने जोडून पाहायचे म्हणून चौकशी सुरू करणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी, कारण पुढचा सगळा खर्च तिच्यावर ठरतो. हो ची मिन्ह सिटी ते सिएम रीप अशी सात रात्रींची क्रूझ विकली जाते आणि माहितीपत्रकातल्या नकाशावर नदीची रेघ सलग दिसते. प्रत्यक्षात सिएम रीप टोनले साप सरोवराच्या उत्तरेला आहे आणि पाणी उतरले की मोठ्या बोटींना सरोवर ओलांडता येत नाही. मग प्रवाशांना काँपाँग चाम किंवा नॉम पेन्हजवळच्या धक्क्यावर उतरवून चार-पाच तास बसने सिएम रीपला नेतात. अंगकोरची देवळे त्या सात रात्रींच्या किमतीत बहुधा नसतातच; ती ‘आधी किंवा नंतर दोन रात्री जादा’ म्हणून वेगळी विकली जातात.

त्यामुळे पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा : आपल्याला देवळे पाहायची आहेत की नदी? मराठी घरांतून जाणाऱ्या बहुतेकांचे खरे उत्तर ‘देवळे’ असते, आणि त्यांनी सात रात्रींची क्रूझ घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने विष्णूसाठी बांधलेल्या अंगकोर वाट मंदिराच्या पश्चिमेकडच्या ओवरीत कुरुक्षेत्राचे युद्ध कोरले आहे, शरपंजरी पडलेले भीष्म त्यात ओळखू येतात. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे. हे सावकाश पाहायला, शिवाय बायोन, ता प्रोम आणि थोडे दूरचे बांते स्रेई धरून तीन दिवस हवेत. बोटीवर रात्रीमागे दोन-तीनशे डॉलर मोजून अंगकोरला एक सकाळ देण्यात काय अर्थ?

नदीच हवी असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की टोनले साप नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरते. पाणी ओसरू लागले की ती पुन्हा फिरते. किनाऱ्यावरची गावे, रेशमाचे माग, सा देकचा बाजार, काई बेजवळचे कालवे हे सगळे बोटीच्या संथ चालीनेच नीट दिसते. नॉम पेन्हला राजवाडा असतो आणि तुओल स्लेंगही, म्हणजे ख्मेर रूजच्या राजवटीत तुरुंग झालेली शाळा. ती सकाळ जड जाते. तिच्यानंतर दुपारी बोटीवर निवांत बसायला मिळणे हे क्रूझच्या बाजूने मी मानतो.

आता ‘क्रूझ’ या नावाखाली नेमके काय विकले जाते ते पाहा. आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये हे शीर्षक असते तेव्हा ती बहुधा हा लाँग उपसागरातली एक रात्र असते. तो समुद्र आहे, उत्तर व्हिएतनामात आहे, आणि त्याचा मेकाँगशी काही संबंध नाही. दुसऱ्या ठिकाणी ती मी थो-बेन त्रे भागातली दिवसभराची होडी असते. दोन्ही सुंदर आहेत, पण दोन देश जोडणारी नदीसफर म्हणून त्यांचे पैसे मोजू नका. विक्रेत्याला एकच विचारा : बोटीवर किती रात्री, आणि सीमा बोटीने ओलांडायची की विमानाने?

आकड्यांकडे येऊ. मेकाँगवरच्या सात रात्रींच्या क्रूझचा माणशी दर साधारण दीड हजार डॉलरपासून सुरू होतो, मधल्या दर्जाच्या बोटी दोन-अडीच हजारांत मिळतात, आणि ऐषारामी बोटी पाच हजारांच्याही पुढे जातात. दोन हजार डॉलरची बोट घेऊ आणि हिशेबापुरता डॉलर ९० रुपये धरू. बोटीचे १,८०,००० झाले. मुंबईहून जाण्यायेण्याचे विमान ४०,०००. बोटीच्या आधी एक आणि नंतर तीन रात्री हॉटेल, माणशी १५,०००. दोन्ही व्हिसा साडेपाच हजार, अंगकोरचा तीन दिवसांचा पास ५,६००, बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची टिप सात हजार, विमा दीड हजार. बेरीज २,५४,६०० होते आणि जाहिरातीत तुम्ही वाचलेला आकडा १,८०,००० असतो. टिप ऐच्छिक म्हटली तरी बोटवाले दिवसाला माणशी दहा-बारा डॉलर सुचवतात, तेव्हा ती खर्चातच धरा.

दुसरा मार्ग ग्रुप टूरचा. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या आठ-दहा दिवसांच्या टूरचा दर विमानासह साधारण दीड ते सव्वादोन लाखांत असतो. त्यात टूर मॅनेजर, दोन्ही वेळचे भारतीय जेवण, सगळी तिकिटे येतात. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांना हे सोयीचे आहे आणि त्याचे पैसे देणे योग्यच. पण रोजच्या कार्यक्रमातली वेळ मोजा. भारतीय हॉटेलात जेवायला शहर ओलांडून जाण्यात तास-दीड तास जातो, आणि स्वस्त टूरमध्ये मोती, रेशीम, कॉफीची दुकाने ‘भेट’ म्हणून घातलेली असतात. अशी दुकाने किती, हे बुकिंगपूर्वी लेखी मागा.

तिसरा मार्ग फार कोणी सुचवत नाही, कारण त्यात कमिशन कमी आहे. मध्यमवयीन, चालते-फिरते जोडपे किंवा चार मित्र असाल तर तो मला सगळ्यांत पटतो. हो ची मिन्ह सिटीहून कँथोला जायचे, पहाटे काई रांगचा तरंगता बाजार पाहायचा, पुढे चाऊ डॉकला मुक्काम करायचा. तिथून सकाळी जलद बोट निघते आणि मेकाँगवरूनच सीमा ओलांडून साधारण पाच तासांत नॉम पेन्हला पोचवते. तिकीट तीस-चाळीस डॉलरच्या आसपास. नॉम पेन्हहून सिएम रीपला बस किंवा गाडी, आणि अंगकोरला तीन दिवस परवानाधारक गाइड. चांगली मध्यम हॉटेले, गाड्या, गाइड, जेवण, विमान, व्हिसा धरून नऊ-दहा दिवसांचे माणशी सव्वा लाखाच्या आसपास होतात. नदी दिसते, सीमा पाण्यावरून ओलांडता येते आणि देवळांना वेळ मिळतो. आखणी मात्र तुम्हालाच करावी लागते.

कोणताही मार्ग घ्या, व्हिसात चूक करू नका. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाचा २५ डॉलर, अनेक प्रवेशांचा ५०. परतीचे विमान पुन्हा हो ची मिन्ह सिटीहून असेल तर तुम्ही व्हिएतनाममध्ये दोनदा शिरता. २५ डॉलरचा व्हिसा तिथे चालत नाही. परतीचे विमान स्वस्त पडते म्हणून लोक असे तिकीट काढतात आणि हे विसरतात. कंबोडियाचा पर्यटक व्हिसा ३० डॉलर, ऑनलाइन काढल्यास वर प्रक्रिया शुल्क. पण त्यांचा ई-व्हिसा प्रत्येक नाक्यावर चालत नाही. नदीवरच्या नाक्याने जाणार असाल तर तिथे कोणता व्हिसा लागेल, हे बोट कंपनीकडून ईमेलवर घ्या. जागेवर घ्यायचा असेल तर फोटो आणि रोख डॉलर जवळ हवेत. फाटक्या, डाग पडलेल्या नोटा कंबोडियात घेत नाहीत.

अंगकोरच्या पासचे दर एका दिवसाला ३७, तीन दिवसांना ६२, सात दिवसांना ७२ डॉलर असे आहेत. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, म्हणून मध्ये एक दिवस विश्रांती घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्यांना सोडत नाहीत. सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ पासून सुरू आहे आणि तो गावापासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे; जुन्या पुस्तकातले टॅक्सीचे दर धरू नका.

सुट्टीचा विचार करताना शाळेच्या वेळापत्रकाआधी नदीचे वेळापत्रक पाहा. दिवाळीच्या सुट्टीत पाणी भरपूर असते, सरोवर बोटीने ओलांडण्याची शक्यता तेव्हाच जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, दरही चढे. मधे व्हिएतनामी नववर्ष, तेत, येते तेव्हा दुकाने बंद आणि गाड्या भरलेल्या. एप्रिल-मे स्वस्त असतात, पण सिएम रीपचा उन्हाळा विदर्भातल्या माणसालाही दमवील आणि नदी खाली गेलेली असते. लहान मुले किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर मे टाळा.

ज्येष्ठांसाठी आणखी दोन गोष्टी. बऱ्याच बोटींवर लिफ्ट नसते आणि कित्येक ठिकाणी धक्काही नसतो. फळीवरून उतरून मातीचा चढ चढावा लागतो. गुडघे दुखत असतील तर हे आधी विचारा. आणि विमा घेताना जुने आजार जाहीर करा, तसेच गंभीर दुखण्यात दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते पाहा. कंबोडियातल्या छोट्या गावात मोठे रुग्णालय नसते. युद्धजन्य परिस्थितीचा खर्च बहुतेक विमे देत नाहीत. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली, म्हणून बँकॉकहून रस्त्याने सिएम रीपला जाण्याचा बेत आखू नका.

शाकाहारी मंडळींनी, जैन जेवण हवे असलेल्यांनी तर नक्कीच, बुकिंगच्या वेळी लिहून द्यावे. व्हिएतनामच्या साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. बौद्ध शाकाहारी खानावळी मात्र शहरोशहरी आहेत आणि चांगल्या आहेत.

पैसे भरताना तीन ओळी नीट वाचा. दर ‘रुपये अधिक डॉलर’ असा दिला असेल तर डॉलरचा भाग कोणत्या तारखेच्या दराने घेणार? किमान संख्या न भरल्यास सहल रद्द होणार की तारीख बदलणार, आणि पैसे किती दिवसांत परत? एकट्या प्रवाशाला खोलीचे किती जादा? बोटींवर हे जादा शुल्क भाड्याच्या चौथ्या भागापासून पुऱ्या भाड्यापर्यंत जाते. भारतातून परदेशी पॅकेज घेताना जीएसटी आणि वर टीसीएस लागतो. टीसीएसचे दर गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. टीसीएसची रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि आयकरात वळती होते. ज्यांना कर लागत नाही अशा निवृत्तांनी विवरणपत्र भरून ती परत मागावी. खूप जण ती तशीच सोडतात.

सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. त्यासाठी रोजच्या कार्यक्रमाचा छापील कागद, बोटीचे नाव लिहिलेली पावती आणि ईमेल जपून ठेवा. बोटीचे नाव पावतीवर नसेल तर ते लिहून घेतल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नका.