जुने सागवान : पारखून घ्या, खरे सांगून विका

जुने वाडे आणि चाळी पाडल्या जातात तेव्हा त्यांच्या तुळया, वासे, खांब, चौकटी आणि कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतात. धुराने काळवंडलेला, खिळ्यांनी भरलेला हा माल अनेकांना जळाऊ लाकूड वाटतो. परंतु त्यात चांगले सागवान असेल तर त्याच मालातून पलंग, जेवणाचे टेबल, बाकडे, कपाट अशा टिकाऊ वस्तू तयार होतात. मुंबईत मटन स्ट्रीटचा चोर बाजार आणि जोगेश्वरीचा ओशिवरा भाग या धंद्यासाठी प्रसिद्ध आहेत. मी स्वतः कापडाचा व्यापारी आहे. पण मालाची पारख, मालातील घट आणि व्यापाऱ्याची जबान या तीन गोष्टी कापडात आणि लाकडात सारख्याच आहेत.

मागणी का आहे?

इंग्रजी अमदानीत ब्रह्मदेशचे सागवान जहाजांनी मुंबईत येत असे. त्याच व्यापारासाठी १८६३ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. मुंबईच्या गोदीत १८१७ साली मलबारी सागवानाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. सागवान किती टिकते याचा आणखी पुरावा नको. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलतोडीस मनाई केली, आणि १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद केली. त्यामुळे जुन्या जंगलातील पक्के सागवान मिळण्याचे एक मोठे ठिकाण म्हणजे पडणारी इमारतच होय.

पारख

वरच्या रंगावर जाऊ नये. कोपऱ्यावर रंधा मारून आतले लाकूड पाहावे. सागवान आतून सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट लागते आणि त्याला चामड्यासारखा वास येतो. तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले होते ते अवश्य तपासावे, कारण ओल तेथेच मुरते. पटाशी टोचली असता ती सहज आत गेली तर तेवढा भाग कुजला आहे असे समजावे. वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, पण बाहेरचा फिकट भाग ती खाते. बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड अजून जिवंत असण्याचा संभव आहे. असा माल चांगल्या मालाशेजारी ठेवू नये.

घट : खरा दर कोणता?

लाकडाचे माप घनफुटात होते. लांबी फुटात, रुंदी व जाडी इंचात घेऊन गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. समजा, तुळई १० फूट लांब, ८ इंच रुंद आणि ६ इंच जाड आहे. १० × ८ × ६ = ४८०; भागिले १४४ म्हणजे ३.३३ घनफूट. केवळ हिशेबासाठी दर ३,००० रुपये धरला तर तुळई १०,००० रुपयांना पडली.

आता दोन्ही टोकांचा एकेक फूट कुजका निघाला आणि चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच रंधून काढावा लागला. उरले ८ फूट, ७ इंच आणि ५ इंच, म्हणजे १.९४ घनफूट. याचा अर्थ कामाचे लाकूड घनफुटाला सुमारे ५,१४० रुपये पडले. करवतीची घट, खिळे काढण्याची मजुरी आणि कटाई यापुढे वेगळीच. जो कारागीर ३,००० रुपये धरून ग्राहकाला भाव सांगतो, तो महिनाभर राबून आपली मजुरीच ग्राहकाला देऊन बसतो. म्हणून सौदा करताना पैसे कामाच्या लाकडाचे द्यावेत, कुजक्या टोकांचे माप आधीच वगळून घ्यावे.

काम करताना

लाकडावरून लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे शोधावेत. एक मोडका खिळा करवतीचे पाते खराब करतो, शिवाय कारागिराला इजा होऊ शकते. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. म्हणून जुना रंग जाळून काढू नये. लाकूड ओले करून घासावे, तोंडावर योग्य मास्क लावावा आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

कापड पहिल्या धुण्यात आटते, तसे लाकूडही हवेप्रमाणे आकसते व फुगते. उघड्या वखारीतून आणलेला माल मध्ये पट्ट्या ठेवून काही आठवडे छपराखाली रचावा, मगच कापावा. कापही कमीत कमी असावेत. कडीपाटाच्या फळ्यांचे टेबल किंवा शेल्फ करावे, खिडकीच्या चौकटीत आरसा बसवावा, तुळईतून पलंगाचे पाय काढावेत. जुन्या खाचा लांबीने भरण्यापेक्षा त्याच लाकडाचा तुकडा बसवावा. आणि माप घेताना ग्राहकाच्या इमारतीचा जिना व लिफ्टही मोजावी.

कायदा आणि जबान

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू, तसेच इमारतीतून सुटी केलेली वस्तूही पुरावशेष ठरू शकते. पुरावशेषाच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खाजगी व्यापाऱ्याला तो परदेशी पाठवता येत नाही. कोरीव दार किंवा खांब हाती आला तर करवत लावण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. इमारत पाडणाऱ्या ठेकेदाराकडून पावती घ्यावी आणि माल हलवण्याआधी वन खात्याकडे परवान्याची चौकशी करावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काही दुकानांत नवे लाकूड काळे करून, त्यावर साखळीचे वळ उठवून ते ‘अँटिक’ म्हणून विकले जाते. जुन्या लाकडाची नवी वस्तूही ‘दीडशे वर्षांची’ म्हणून खपवली जाते. हा दगा आहे. मालातील ऐब सांगणे आपल्या दीनने व्यापाऱ्यावर बंधनकारक केले आहे, आणि बाजारात पत टिकते तीही त्यानेच. बिलावर स्पष्ट लिहावे : ‘जुन्या सागवानापासून नव्याने बनवलेले टेबल. पायाला एक जोड आहे. खिळ्यांची जुनी भोके आहेत.’ ही ओळ वाचून एखादा ग्राहक परत जाईल. पण जो घेईल तो तक्रार घेऊन येणार नाही, आणि आपल्या मुलीच्या लग्नाचा पलंगही तुमच्याकडेच बनवायला टाकील.