"गुरुजी, तुम्ही फक्त सही करा"

"गुरुजी, तुम्ही फक्त सही करा, बाकीचं आम्ही बघतो." नारायणगावच्या आमच्या सोसायटीचा मॅनेजर ३ वर्षं हे म्हणत होता आणि मी सही करत होतो. आता तो फोन उचलत नाही. कागदांवर सही माझी आहे, म्हणून जाब मला द्यावा लागतो. सर्वसाधारण सभेला ज्यांनी कधी पाय ठेवला नाही, तेसुद्धा जिन्यात अडवून विचारतात, "गुरुजी, आपल्या पैशांचं काय झालं?" म्हणून एकदा सगळं लिहून काढतो आहे. मंचरला, आळेफाट्याला, जुन्नरला नव्या इमारती उभ्या राहत आहेत. तिथेही कुणीतरी निवृत्त माणूस सेक्रेटरी म्हणून पुढे ढकलला जाणारच. त्यानं तरी हे वाचावं.

आमचे २८ फ्लॅट. निम्मे मालक मुंबईला, ते गणपतीत आणि मे महिन्यात येतात. राहिलेल्यांत टोमॅटोचे व्यापारी, दोन डॉक्टर आणि आम्ही शिक्षक मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं. "गुरुजींना वेळ आहे" एवढ्या एका पात्रतेवर मी सेक्रेटरी झालो. सहकार कायद्यातलं मला काही कळत नाही, हे मी त्याच सभेत सांगितलं होतं. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "त्याची काळजी नको, मी सर्टिफाइड माणूस आणतो." आणि आणला. त्याच्या ऑफिसात भिंतीवर सोनेरी चौकटीत प्रमाणपत्र लावलेलं होतं. आम्ही पाच जण ते बघून आलो आणि महिना ४,२०० रुपये ठरवून टाकले.

पहिली खोट दिसली ती फ्लॅट हस्तांतरणात. ३ फ्लॅट विकले गेले. मॅनेजरनं प्रत्येक खरेदीदाराकडून २५,००० रुपये हस्तांतरण अधिमूल्य घेतलं. "सरकारी दर आहे" म्हणाला. त्यातल्या एका खरेदीदाराचा मेहुणा वकील. त्यानं २००१ चं शासन परिपत्रक माझ्यापुढे ठेवलं. २५,००० ही महापालिका क्षेत्रातली कमाल मर्यादा. नगरपालिकेच्या वर्गानुसार ती उतरत जाते आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,००० वर येते. आमची सोसायटी ग्रामपंचायतीत. या माणसानं पुण्याच्या सोसायट्यांचा कागद जसाच्या तसा आमच्याकडे चालवला होता. ६०,००० रुपये परत करायचे, तेही सोसायटीच्या खात्यातून. तेव्हाच मी त्याला काढायला हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, "चूक माणसाकडूनच होते." मी गप्प बसलो. माझी खरी चूक कोणती असेल तर ती हीच, आणि ती मी कबूल करतो.

दुसरी गोष्ट मोठी होती. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी मिळून ६ लाख रुपये साठले होते. मॅनेजर म्हणाला, "बँकेत कशाला कुजवता? पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात." आपल्या भागात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. माझी स्वतःचीही ठेव होती. वर्षाला १२,००० रुपये जास्त मिळणार असतील तर सभासदांचंच भलं आहे, असं मला मनापासून वाटलं. समितीच्या पाचही जणांनी ठरावावर सह्या केल्या. दीड वर्षात त्या पतसंस्थेनं ठेवी देणं थांबवलं.

लेखापरीक्षणाचा दिवस मी विसरणार नाही. निबंधकांच्या नामतालिकेवरच्या लेखापरीक्षक बाई आल्या होत्या. त्यांनी ठेवपावती उलटी-सुलटी करून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "गुरुजी, कलम ७० माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या या कलमानं सोसायटीचा पैसा कुठे ठेवायचा हे बांधून दिलं आहे. सलग ३ वर्षं लेखापरीक्षणात 'अ' वर्ग मिळवलेली जिल्हा मध्यवर्ती बँक किंवा राज्य सहकारी बँक त्यात बसते. पतसंस्था बसत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही.

मग त्यांनी खतावणीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "शिक्षण व प्रशिक्षण निधी." प्रत्येक फ्लॅटमागे महिना १० रुपये. २८ फ्लॅटचे वर्षाला ३,३६० आणि ३ वर्षांचे १०,०८०. वसूल झालेले, पण पुढे कुठेही भरलेले नाहीत. "या पैशातून प्रशिक्षणाला कोण गेलं?" कुणीच नाही. २०१३ च्या दुरुस्तीनं कलम २४ अ आलं. सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांना प्रशिक्षण मिळालंच पाहिजे, असं ते सांगतं. मला शिकवण्यासाठीचे पैसे दर महिन्याच्या बिलात मीच वसूल करत होतो, पावतीवर माझीच सही होती आणि ते कशाचे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी बाईंपुढे मान वर करता येईना.

संध्याकाळी मी मॅनेजरच्या ऑफिसात गेलो. तो यायला वेळ होता. भिंतीजवळ जाऊन पहिल्यांदा ते प्रमाणपत्र नीट वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एक दिवसीय कार्यशाळेत सहभाग'. नुसता सहभाग. परीक्षा नाही, आसन क्रमांक नाही. तो आला, चहा मागवला आणि म्हणाला, "मी परीक्षा दिलीय असं कधी म्हटलं होतं का?" खरंच, म्हटलं नव्हतं. त्याच रात्री त्यानं सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की गुंतवणुकीचा निर्णय समितीचा आहे, आम्ही केवळ हिशेब लिहिणारे. कायद्यानंही तेच खरं. समितीच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणेही येते. ज्यांनी त्याला आणलं ते अध्यक्ष म्हणाले, "मी काय शिकलेला माणूस नाही." आणि ग्रुपमधून बाहेर पडले.

आता तुमच्यासाठी. मॅनेजर ठेवताना प्रमाणपत्र चौकटीतून बाहेर काढून वाचा. सहकार खात्यामार्फत दरवर्षी परीक्षा होतात. सी.एच.एम. ही सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा आणि जी.डी.सी. अँड ए. ही सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका. उमेदवाराला उत्तीर्ण झाल्याचं वर्ष आणि आसन क्रमांक विचारा. जो टाळाटाळ करेल त्याला चहा पाजून परत पाठवा. फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला २०२३ पासून महारेराची परीक्षा द्यावी लागते, पण अख्ख्या इमारतीचा पैसा सांभाळणारा मॅनेजर परीक्षेशिवाय चालतो. याचा मला आजही संताप येतो.

शिक्षण निधी बिलात असेल तर त्याची पावती मागा आणि त्याबदल्यात प्रशिक्षण मागा. पुण्यात जिल्हा सहकारी गृहनिर्माण संस्था व अपार्टमेंट्सचा महासंघ आहे. पाच-सहा सोसायट्यांनी मिळून वर्ग इकडेच घ्यायची मागणी करावी. नारायणगावहून पुण्याला जायला लागतं म्हणून कुणी जात नाही, ही सबब आम्हीही सांगितली होती.

मुदती तोंडपाठ करा. लेखापरीक्षण ३१ जुलैच्या आत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. अहवाल आल्यावर ३ महिन्यांत दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. आमचा मी हातानं लिहिला, कारण ज्याला पैसे देत होतो त्यानं तोपर्यंत कागदपत्रंसुद्धा अडवून धरली होती. म्हणून सभासदांची 'आय' नोंदवही, 'जे' यादी, इतिवृत्त आणि ठेवपावत्या मॅनेजरच्या ऑफिसात ठेवू नका. बँकेचे मेसेज सेक्रेटरी, अध्यक्ष आणि खजिनदार अशा तिघांच्या फोनवर आले पाहिजेत. वाचल्याशिवाय सही करू नका, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. आणि पटलं नाही तर इतिवृत्तात विरोध लिहून घ्या. तोंडी विरोध कुणाला आठवत नाही.

६ लाखांपैकी आतापर्यंत ४०,००० परत आले आहेत. बाकीच्यासाठी अर्ज केला आहे. गेल्या महिन्यात मी पद सोडलं. नवीन सेक्रेटरी ताई खोडदच्या दुर्बीण केंद्रात नोकरी करतात. त्या येत्या मे महिन्यातल्या सी.एच.एम.ला बसणार आहेत. त्यांच्या हाती नोंदवह्या, पावत्या, किल्ल्या एकेक मोजून दिल्या, यादी दोन प्रतींत केली आणि ताईंनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच खाली सही केली.