घटक ६ : एकट्याची वाट आणि क्रियापदाची साक्ष

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रवासवर्णनातील स्थळवर्णनाचा विचार केला. प्रस्तुत घटकात प्रवास करणारा ‘मी’ वाक्यात नेमका कोठे उभा असतो, हे पाहावयाचे आहे. समूहाने प्रवास करणारा लेखक ‘आम्ही’च्या आडोशाला उभा राहू शकतो, एकट्याने चालणाऱ्यास ती सोय नसते. म्हणून उदाहरणासाठी मी स्वतः एकट्याने चाललेली एक वाट घेतो.

उत्तराखंडमध्ये उत्तरकाशीजवळ गंगोरी येथे असी गंगा भागीरथीस मिळते. तिच्या खोऱ्याने वर गेल्यास संगमचट्टी, अगोडा हे गाव, मग बेबरा, मांझी आणि अखेरीस ३,००० मीटरहून अधिक उंचीवरील डोडीताल हे तळे लागते. अगोड्यापासून तळे सुमारे १५ किलोमीटर. बांज आणि बुरांश यांचे दाट रान. नदी कधी शेजारी, तर कधी खोल दरीत केवळ आवाजापुरती. (‘बांज’ म्हणजे ओकची एक जात, पण तेथील माणसे ज्या नावाने झाड ओळखतात ते नाव लेखकाने टाकून देऊ नये, असे माझे मत आहे.)

६.२ तीर आणि हात

नदीकाठच्या प्रवासाचे वर्णन करताना पहिली चूक दिशांची होते. नदीचा उजवा व डावा तीर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवितात. उगमाकडे चालणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला नदीचा उजवा तीर असतो. ‘नदीच्या डाव्या तीराने’ आणि ‘नदी डावीकडे ठेवून’ ही वाक्ये वाचकाला एकाच काठावर नेतीलच असे नाही. वर चढणाऱ्यासाठी ती योगायोगाने जुळतात का, हे कागदावर नदी काढून स्वतः तपासा.

६.३ कर्ता कोठे दिसतो?

आता पुढील वाक्ये पाहा : ‘मी तंबू लावला. मी चूल पेटवली. मी पाणी आणले.’ येथे क्रियापद अनुक्रमे तंबू, चूल आणि पाणी यांच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. हा कर्मणी प्रयोग. लिहिणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे या वाक्यांवरून कळत नाही. मात्र ‘मी निघाले’, ‘मी थांबले’ असे म्हणताच प्रमाण मराठीत ती स्त्री आहे हे उघड होते, आणि रानातल्या एकट्या रात्रीचे तेच वर्णन वाचक निराळ्या काळजीने वाचू लागतो. लेखिकेने हे केव्हा उघड करावे, हा शैलीचा प्रश्न आहे. परंतु तो मराठीच्या व्याकरणाने तिच्यासमोर ठेवलेला आहे.

रात्रीच्या वर्णनात तिसरीच रचना आढळते. ‘मला थंडी वाजत होती’, ‘मला भीती वाटली’, ‘मला पाचोळ्यात पावले ऐकू आली.’ येथे ‘मी’ काहीच करत नाही. थंडी, भीती, पावले त्याच्याकडे येतात. अशा ‘मी’ला आपण अनुभवक म्हणू. सकाळी मात्र ‘मला तळे दिसले’ आणि ‘मी तळे पाहिले’ यांतून निवड करावी लागते. अखेरच्या वळणावर झाडी संपून पाणी एकदम समोर येते, तेथे पहिलेच वाक्य खरे. काठावर बसून तास घालविल्यावर दुसरे.

६.४ ‘वाट चुकली’

बेबऱ्याचा ओढा ओलांडल्यावर चढ सुरू होतो. दिवस कलला होता आणि अंधारापूर्वी मांझीच्या छान्या, म्हणजे गुराख्यांच्या झोपड्या, गाठावयाच्या होत्या. एक रुंद पायवाट रानात शिरताना दिसली. ती मी धरली. ती ढोरवाट होती. अर्ध्या तासाने ती विरली आणि परतण्याइतका उजेड उरला नाही. रात्र तेथेच काढली. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी बसून वहीत लिहिले : ‘बेबऱ्यानंतर वाट चुकली.’

पुढील वर्षी माझे एक तरुण सहकारी ती वही घेऊन एकटेच त्या वाटेने गेले आणि त्याच ढोरवाटेला लागले. पावसात भिजून, तापाने फणफणत परतले. त्यांनी मला दोष दिला नाही. पण वही उघडून ते वाक्य मी पुन्हा वाचले, तेव्हा त्यात मी नव्हतोच. वाट चुकली होती, जणू चूक वाटेची होती!

‘चुकणे’ हे क्रियापद येथे विशेष लक्षात घ्या. ‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘पिणे’ यांप्रमाणे ते कर्म घेऊनही भूतकाळात कर्त्याप्रमाणेच चालते : ‘मी वाट चुकलो’, ‘ती वाट चुकली.’ त्यामुळे ‘मी वाट चुकलो’ असे लिहिल्यास कर्त्याची सुटका नाही. लगेच ‘कसा?’ हा प्रश्न येतो आणि उत्तर लिहावे लागते : ओढ्यापाशी बसलेल्या माणसांना मी विचारले नाही, रुंद वाट तीच खरी वाट, असे गृहीत धरले. ही दोन वाक्ये वहीत असती, तर माझे सहकारी ओढ्यापाशी थांबून विचारते. वहीत आता ती आहेत.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी

तुम्ही एकट्याने केलेल्या कोणत्याही प्रवासाविषयी, मग तो रात्रपाळीहून घरी येण्याचा का असेना, पंधरा वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्यात ‘मी’ कर्ता आहे, अनुभवक आहे की अनुपस्थित, याची नोंद समासात करा. जेथे ‘मी’ अनुपस्थित आहे, ते वाक्य ‘मी’ घालून पुन्हा लिहा आणि त्यानंतर आणखी कोणते वाक्य लिहिणे भाग पडते, ते पाहा.