घाट चढणाऱ्या मोटारीला पंखा कोणता?

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीच्या एस.टी.तून पाहिला असेल. खाली धोम धरणाचे पाणी चमकत असते, आणि तेवढ्यात एखाद्या वळणावर एक जुनी मोटार दिसते. तिचे बॉनेट उघडलेले, पुढून पांढरी वाफ निघते आहे आणि मालक हातात पाण्याचा डबा घेऊन हताशपणे उभा आहे. आपण म्हणतो, "गाडी तापली." पण ती घाटातच का तापली? सपाट रस्त्यावर तर ती ताशी ७० किलोमीटर वेगाने सुखाने आली होती!

सांगलीच्या आमच्या एका स्नेह्यांवर हाच प्रसंग आला. त्यांच्याजवळ वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे वालचंद. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ही इटालियन मोटार तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने धावू लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ती वर्षानुवर्षे होती. ऑक्टोबर २०२३ अखेर तिची शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आता उरल्या आहेत त्या हौसेने सांभाळलेल्या गाड्या. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, शक्ती साधारण ४० अश्वशक्ती.

आष्टा, पेठनाका, कराड, सातारा हा सारा रस्ता ही पद्मिनी बिनतक्रार आली आणि पसरणीच्या अर्ध्यावर उकळली. घरी परतल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. एक मिस्त्री म्हणाले, "चार पात्यांचा पंखा काढा, सहा पात्यांचा मोठा घाला." दुसरे म्हणाले, "पट्ट्यावरचा पंखाच काढून टाका, मारुतीला असतो तसा विजेवरचा बसवा." तिसऱ्यांच्या मते पंख्यात काही दोष नव्हता, पाणी कमी पडले होते. चूक ठरली तर दंड लहान नव्हता. इंजिन फार तापले की सिलिंडरचे हेड वाकडे होते, त्याखालचे गॅस्केट जळते, पाणी तेलात मिसळते, आणि जुन्या गाडीचे भाग मिळता मिळत नाहीत. तेव्हा कोणाचेही ऐकण्यापूर्वी आपण थोडे गणित करून पाहू.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंच आहे, पाचगणी सुमारे १२९० मीटर. म्हणजे चढ ५७० मीटरचा. गाडी आणि पाच माणसे मिळून वस्तुमान १२०० किलोग्रॅम धरू. एवढे ओझे वर न्यायला १२०० × ९.८ × ५७० म्हणजे सुमारे ६७ लाख जूल कार्य करावे लागते. पण पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. सुमारे ३० टक्के उष्णता इंजिनाभोवतीच्या पाण्यात जाते, उरलेली बहुतेक धुराबरोबर बाहेर पडते. ६७ लाखांची चौपट केली की २ कोटी ६८ लाख, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे जवळजवळ ८० लाख जूल. एवढ्या उष्णतेने २५ अंश सेल्सिअसचे २५ लिटर पाणी उकळीला येईल! गाडीत पाणी असते मोजके काही लिटर. तेव्हा तिसऱ्या सल्लागारांचे पाणी कितीही भरले तरी पुरणार नाही. पाणी हा फक्त हमाल आहे. इंजिनाची उष्णता उचलून तो पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये आणून टाकतो. तेथून ती नेते हवा.

मग हवा किती लागेल? बारा किलोमीटरचा घाट अर्ध्या तासात चढला, तर ८० लाख जूल भागिले १८०० सेकंद, म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेचार हजार जूल. चाकांचे घर्षण आणि खालच्या गिअरमध्ये जोरात फिरणाऱ्या इंजिनाचे स्वतःचे घर्षण धरून हा आकडा दुप्पट करू. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापायला सुमारे हजार जूल लागतात. जाळीतून जाताना हवा २० अंशांनी तापते असे धरले, तर दर मिनिटाला सुमारे २५ घनमीटर हवा हवी. हे हिशेब तुम्ही स्वतः वहीत करून पाहा. २५ घनमीटर म्हणजे तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीतली जवळजवळ सगळी हवा, दर मिनिटाला!

यातली काही हवा गाडीच्या धावण्यामुळे फुकट मिळते. जाळी ४० × ४० सेंटिमीटरची आहे आणि गाडीच्या वेगाच्या साधारण पाचव्या हिश्श्याने हवा तिच्यातून जाते असे समजू. ताशी ७० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ३७ घनमीटर हवा मिळते. ही गरजेहून जास्तच आहे, म्हणून पंखा तेथे नुसता पाहुणा. घाटात ताशी २४ किलोमीटर वेगाला मात्र फक्त १३ घनमीटर मिळते. उरलेले १२ पंख्याने ओढायचे. आणि समोरून ट्रक आला म्हणून वळणावर थांबलात, तर फुकटची हवा शून्य! पंखा निवडायचा तो या घटकेसाठी.

आता पट्ट्यावरचा पंखा घेऊ. तो पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर बसतो आणि इंजिनाबरोबर फिरतो. याला नावे ठेवण्याची हल्ली पद्धत आहे, पण मला तो वाटतो तितका वेडा वाटत नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हळू चालली तरी इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेते, म्हणजे गरज असते तेव्हा पंखाही जोरात फिरतो. त्याचे दोष दोन. थांबलेल्या गाडीत इंजिन सातशे-आठशे फेऱ्यांवर येते आणि पंखाही मंदावतो. सपाट रस्त्यावर, जेथे त्याचे काही काम नाही, तेथे मात्र तो सर्वांत वेगाने फिरून शक्ती खातो.

किती खातो? येथे एक सुंदर नियम आहे. फेरे दुप्पट केले की हवा दुप्पट मिळते, पण लागणारी शक्ती आठपट होते. शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, एखादा पंखा १५०० फेऱ्यांना १०० वॅट घेतो. ३००० फेऱ्यांना तो ८०० वॅट घेईल आणि ४५०० फेऱ्यांना २७०० वॅट, म्हणजे साडेतीन अश्वशक्तीहून अधिक. चाळीस अश्वशक्तीच्या गाडीत ही चैन आहे! व्यास वाढवला तर आणखी कठीण. फेरे तेवढेच ठेवून व्यास १२ इंचांवरून १४ इंचांवर नेला, तर हवा सुमारे दीडपट मिळते, शक्ती मात्र दुपटीहून जास्त लागते. हा सारा भार पट्ट्यावर आणि पंपाच्या बेअरिंगवर येतो. पहिल्या मिस्त्रींचा सल्ला येथेच मागे पडला.

अमेरिकेत १९६४ साली पाँटिॲक जीटीओ ही मोटार निघाली. इंजिन ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्ती, म्हणजे आपल्या पद्मिनीच्या आठपट. अशा दांडग्या गाड्यांना पंखाही दांडगा लागे आणि शक्तीही तशीच खाई. त्यावर तिकडच्या अभियंत्यांनी एक युक्ती वापरली. पंखा आणि दांडा यांच्यामध्ये घट्ट सिलिकोन तेल भरलेली डबी बसवली. जाळीतून येणारी हवा गरम झाली की डबीवरची दोन धातूंची पट्टी वाकते, तेल आत शिरते आणि पंखा दांड्याबरोबर फिरू लागतो. हवा थंड असेल तेव्हा डबी घसरते, पंखा आळसावतो. काही पंख्यांची पाती तर लवचिक असत. वेग वाढला की ती आपोआप सपाट होत. जाता जाता आणखी एक गंमत सांगतो. जुन्या पंख्यांची पाती बहुधा सारख्या अंतरावर नसतात, फुलीसारखी तिरकी असतात. ती चूक नव्हे. अंतर सारखे असले तर एकाच सुराची भुणभुण ऐकू येते, असमान असले तर आवाज विखुरतो.

विजेवरच्या पंख्याला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणेघेणे नाही. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की एक खटका तो सुरू करतो, आणि गाडी उभी असतानाही तो पूर्ण वेगाने फिरतो. उत्तम! पण वीज कोठून आणायची? १२ व्होल्टवर १२० वॅटचा पंखा १० अँपियर प्रवाह घेतो. जुन्या गाडीतला डायनॅमो सगळा जोर लावून वीसेक अँपियर देणार, आणि इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच नाही. म्हणजे पंखा लागतो नेमका तेव्हाच बॅटरी रिकामी होणार. डायनॅमोच्या जागी आल्टर्नेटर बसवल्याशिवाय हा बदल पुरता करू नये.

आता ज्याकडे तिघांपैकी कोणाचेच लक्ष नव्हते, त्या गोष्टीकडे वळू. जाळीचे क्षेत्रफळ १६०० चौरस सेंटिमीटर. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पंख्याचे वर्तुळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे निम्म्याहून अधिक जाळी पंख्यासमोर नाहीच. शिवाय पात्यांच्या टोकांवरून हवा मागून पुढे वळते आणि तीच गरम हवा पुन्हा पंख्यात येते. घरी हे पाहता येईल. मोठ्या माणसाला जवळ घेऊन, टेबलपंख्याच्या कडेशी, जाळीपासून अंतर ठेवून पेटती उदबत्ती धरा. धूर कडेवरून घुटमळतो आणि उलटा वळतो. मग पुठ्ठ्याला पंख्याच्या मापाचे गोल भोक पाडून तो पंख्याभोवती धरा. उदबत्ती आता पंख्याच्या मागच्या बाजूला न्या. धूर कसा सरळ ओढला जातो पाहा! मोटारीत हेच काम जाळीपासून पंख्यापर्यंत येणारे पत्र्याचे कडे करते. आमच्या स्नेह्यांच्या गाडीवर ते नव्हते. जाळीच्या फटींत तर मळीचा थर आणि किडे गच्च बसले होते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागून गाडी चालवल्याचा तो प्रसाद.

जागेवर उभे राहून पंखा निवडताना एक चूक हमखास होते. हवा पुढून मागेच गेली पाहिजे, म्हणजे धावण्याने येणाऱ्या हवेला साथ मिळते. काही जण पंखा पलटून बसवतात आणि दिशा बदलली असे समजतात. पुठ्ठ्याची पिळदार पाती करून पेन्सिलीवर फिरवा. पलटून बसवली आणि त्याच दिशेने फिरवली, तर वारा पूर्वीच्याच दिशेने येतो. स्क्रू डोक्याकडून पाहा की टोकाकडून, त्याचा पीळ बदलत नाही, तसेच हे. पात्यांचा बाक मात्र उलटा होतो आणि हवा कमी मिळते. दिशा बदलायची तर फिरणे बदलावे लागते. विजेच्या पंख्यात ते दोन तारांच्या अदलाबदलीने होते, म्हणूनच तेथे चूकही सहज होते.

आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. पाचगणीच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या जवळपासच उकळते. झाकण दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम जादा दाब धरत असेल, तर आतले पाणी सुमारे १०८ अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण सैल केले की दाब जातो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर उसळते.

शेवटी त्या पद्मिनीत जुना चार पात्यांचा पंखा तसाच राहिला. जाळी उलट्या बाजूने पाण्याने धुतली, पट्टा ताणला, पत्र्याचे कडे करून घेतले, आणि थांबण्याच्या वेळेसाठी जाळीच्या पुढे ८० वॅटचा लहान विजेवरचा पंखा खटक्यासह बसवला. पुढच्या खेपेस पसरणीत दोनदा थांबावे लागले, पण तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत गेला नाही. पाचगणीच्या बाजारात त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले, तरी पुढचा छोटा पंखा फिरतच राहिला. नात म्हणाली, "आजोबा, पंखा बंद करायला विसरलात!" ते विसरले नव्हते. इंजिन थांबले तरी तापलेल्या लोखंडातली उष्णता पाण्यात येतच राहते, म्हणून त्या पंख्याची तार त्यांनी किल्लीला न जोडता थेट बॅटरीला, मध्ये फ्यूज घालून, जोडली होती. तीन मिनिटांनी खटका पडला आणि पंखा आपोआप थांबला.