घरचा ड्रायर अडला तर : आधी ब्रेक पाहा, मोटर नंतर

पावसाळा लागला की मॅचिंग सेंटरवाल्याला सर्वांत जास्त छळते ते वाळवण. ब्लाऊजचे सुती अस्तर आणि टू बाय टू रुबिया शिवण्यापूर्वी भिजवून आटवावे लागते, हे शिवणकाम करणाऱ्या बंधू-भगिनींना सांगायला नको. न भिजवता शिवले तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटते, वरचे कापड आहे तसेच राहते आणि ब्लाऊजला चुण्या पडतात. गिऱ्हाईक शिंप्याशी भांडते, शिंपी आमच्याशी. म्हणून गेली कित्येक वर्षे आम्ही अस्तर घरीच भिजवतो, पिळतो आणि इस्त्री करून शिंप्यांना देतो. पिळण्याचे काम घरातल्या वॉशिंग मशीनचा ड्रायर करतो. रंगाईच्या कारखान्यात याच कामाला मोठा हायड्रो असतो. आमचा ड्रायर हा त्याचाच धाकटा भाऊ.

येथे एक खुलासा केला पाहिजे. परदेशात राहणारे आमचे नातेवाईक ड्रायर म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात गरम हवेने कपडे कोरडे करणारे आडवे यंत्र असते. ते यंत्र वेगळे, त्याचे रोग वेगळे. आपल्याकडे पुष्कळ घरांत दोन टबांचे अर्धस्वयंचलित मशीन असते. एका टबात कपडे धुतले जातात आणि दुसरा टब जोराने फिरून पाणी बाहेर फेकतो. या दुसऱ्या टबालाच आपण ड्रायर म्हणतो. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन सीझनमध्ये आमचा ड्रायर अडला. बटण फिरवले की घूं घूं आवाज येई, पण टब जागचा हलत नसे. मिस्त्री आला, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘मोटर गेली.’ नवी मोटर आणि मजुरी मिळून अडीच हजारांचा अंदाज दिला. आम्ही कुरकुर करताच त्याने दुसरा मार्ग काढला. आत हात घालून काहीतरी सोडले, दोन वायरी जोडल्या, आणि टब भन्नाट फिरू लागला! दोनशे रुपये घेऊन तो गेला. आम्ही खूश झालो. तेवीसशे रुपये वाचले, असा हिशेब आम्ही घरात सर्वांना ऐकवला.

मोटर गेलेली नव्हतीच. ब्रेकची वायर तुटली होती. त्या गृहस्थाने ब्रेकच मोकळा करून टाकला आणि झाकणाचा स्विच, त्यांच्या भाषेत, ‘डायरेक्ट’ केला. म्हणजे आता झाकण उघडे असले तरी टब फिरणार आणि बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहणार. आम्हाला हे ठाऊक नव्हते असे म्हटले तर ते खोटे ठरेल. झाकण उघडल्यावर टब फिरताना आम्ही पाहिला होता. सीझन संपला की दुरुस्त करू, असे म्हणून सोडून दिले.

अडीच महिन्यांनी आमचा भाचा अस्तर काढत असताना ओल्या कापडाचे टोक फिरत्या टबाने ओढले आणि त्याच्या मनगटाभोवती पीळ बसला. हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते आणि नंतर कित्येक दिवस त्याची मूठ नीट वळत नव्हती. पोरगा शिलाई मशीनवर बसणारा, त्याच हातावर त्याची रोजी. मिस्त्रीला आम्ही दोष दिला, पण बहिणीसमोर मान खाली घालून बसावे लागले ते आम्हालाच.

त्यानंतर आम्ही हे यंत्र समजून घ्यायचे ठरवले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मास्तरांनी फळ्यावर ‘बर्क’ लिहून विजेचे दोन प्रकार शिकवले होते, त्यापुढे आमची मजल नव्हती. तरीही जे कळले ते फार अवघड निघाले नाही. आपल्या घरात टेस्टर, पक्कड, दहा नंबरचा पाना, स्क्रूड्रायव्हर आणि एक साधा मल्टिमीटर असेल तर बऱ्याच तक्रारी घरी निकालात निघतात.

टबाच्या बरोबर खाली मोटर उभी असते. मोटरच्या दांड्यावर एक कपलिंग असते आणि त्यात टबाचा दांडा नट-बोल्टने आवळलेला असतो. कपलिंगच्या बाजूला ब्रेकची पट्टी असते. ही पट्टी स्प्रिंगच्या जोराने नेहमी आवळलेलीच राहते, हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. आपण झाकण लावतो तेव्हा झाकणाला जोडलेली वायर ताणली जाते आणि पट्टीला मागे खेचते. तेव्हा कुठे टब मोकळा होतो. झाकण उघडले की वायर ढिली पडते, स्प्रिंग आपले काम करते आणि पट्टी टबाला धरते. सायकलचा ब्रेक दाबल्यावर लागतो, हा दाबल्यावर सुटतो. म्हणून वायर तुटली किंवा ढिली झाली की ब्रेक लागलेलाच राहतो, मोटर जोर लावते आणि नुसती घूं घूं करते. ऐकणाऱ्याला वाटते, मोटर गेली.

मात्र ही घूं घूं चालू ठेवली तर मोटर खरोखरच जळेल. अडलेली मोटर भराभर तापते. आवाज येतो पण टब फिरत नाही असे दिसताच बटण बंद करा आणि प्लग काढा. पाच मिनिटांचा टायमर संपेपर्यंत वाट पाहू नका.

प्लग काढल्याशिवाय मागचे झाकण खोलायचे नाही. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या घरांत वायरिंग उलटे असते आणि स्विच बंद असूनही आत करंट राहतो. मशीनखालची फरशी कोरडी करा, पायात रबरी चप्पल घाला. प्लग तीन पिनांचा असावा आणि तिसऱ्या पिनेला खरीच अर्थिंग असावी. शक्य असेल त्यांनी घराच्या मीटरबोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. ओल्या जागेत चालणाऱ्या यंत्राला याहून चांगला पहारेकरी नाही.

मागचे झाकण निघाले की प्रथम टबाचे झाकण वर करून कपलिंग हाताने फिरवून पाहा. ते घट्ट अडले पाहिजे. मग टबाचे झाकण लावा आणि पुन्हा फिरवा. आता ते सहज फिरले पाहिजे. फिरले नाही तर वायर पाहा. तुटली असेल तर जुना तुकडा दुकानात नेऊन तेवढ्याच लांबीची नवी आणा, अगदी थोड्या पैशांत मिळते. ढिली असेल तर बऱ्याच मशीनमध्ये वायरच्या टोकाला दोन-तीन भोके असतात. आकडा पुढच्या भोकात अडकवला की ताण वाढतो. ताण इतकाही वाढवू नये की झाकण उघडल्यावर पट्टी टेकेनाशी होईल. वायर ठीक असूनही टब अडत असेल तर दोन टबांच्या मधल्या फटीत मोजा, रुमाल, लहान मुलाचे टोपडे शिरले आहे का ते बॅटरी लावून पाहा. आमच्याकडे एकदा दीड वार रुबिया निघाली.

कपलिंग मोकळे फिरते, तरी चालू केल्यावर नुसता आवाज येतो किंवा टब वेग घ्यायला फार वेळ लावतो, अशा वेळी संशय कंडेन्सरवर घ्यावा. या मोटरला सुरू होण्यासाठी दुसऱ्या गुंडाळीचा रेटा लागतो आणि तो कंडेन्सरमार्फत मिळतो. पुष्कळ मशीनमध्ये धुण्याच्या आणि पिळण्याच्या मोटरींचे कंडेन्सर एकाच डबीत असतात आणि त्यावर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ 10+5. लहान आकडा सहसा ड्रायरचा. नवा कंडेन्सर त्याच आकड्यांचा आणि तेवढ्याच व्होल्टचा घ्यावा. जास्त आकड्याचा घातला तर जोर वाढेल, अशी समजूत आहे. जोर वाढत नाही, मोटर तापते. हात लावण्यापूर्वी कंडेन्सर रिकामा करावा, कारण प्लग काढल्यावरही त्यात झटका शिल्लक राहू शकतो. जुन्या पद्धतीच्या, आत तार असलेल्या 60 वॅटच्या बल्बाची दोन टोके त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवली की काम होते. काढलेला कंडेन्सर पार्टच्या दुकानात तपासूनही मिळतो.

वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवून काही सोडू नये. आम्ही कापडवाले, आम्ही प्रत्येक वायरला तिच्या जागेनुसार वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारतो आणि मगच ती सुटी करतो. आज मोबाईलवर फोटो काढून ठेवणेही सोपे आहे, पण फोन ऐनवेळी कोणाच्या तरी हातात असतो. दोरा जागचा हलत नाही.

आता मोटरची पाळी. तिच्यातून तीन वायरी निघतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन-दोन वायरींची तीन मापे घ्या. मोठे माप हे उरलेल्या दोन मापांच्या बेरजेइतके असले पाहिजे. एखाद्या जोडीत काहीच दाखवत नसेल तर गुंडाळी तुटली आहे किंवा आतला तापरक्षक उघडला आहे. मोटर गरम असेल तर थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजा. कोणतीही वायर आणि मोटरचा पत्रा यांच्यामध्ये मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवले तर ती मोटर पुन्हा चालवू नये. बेरीज जुळली आणि पत्रा स्वच्छ निघाला, तर ‘मोटर गेली’ म्हणणाऱ्याला ही तीन मापे दाखवा.

टब फिरत नाही आणि आवाजही नाही, ही तक्रार वेगळी. धुण्याचा टब फिरतो का ते पाहा. फिरत असेल तर प्लग आणि केबल ठीक आहेत, दोष बहुधा ड्रायरच्या टायमरमध्ये किंवा झाकणाच्या स्विचमध्ये आहे. झाकणाचे स्विच दाबणारे प्लॅस्टिकचे बोट फार वेळा मोडलेले असते. कधी उंदराने वायर कुरतडलेली असते, तेव्हा नवी वायर टाकून खालून जाळी लावावी. स्विचच्या पात्यांवर काळे आले असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासावे, मोडला असेल तर बदलावा. डायरेक्ट करू नये. कोणी करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

पिळताना खाली पाणी ठिबकते, काळसर डाग पडतात, खरखर आवाज येतो, ही रबरी सील गेल्याची लक्षणे आहेत. सील टबाच्या तळाशी दांड्याभोवती असते आणि तिच्यातून गळलेले पाणी खालच्या मोटरवर पडते, म्हणून येथे आळस परवडत नाही. कपलिंगमधला बोल्ट आणि चेकनट सोडून टब वर उचलावा लागतो. दांड्यावर गंज असेल तर तो पॉलिश पेपरने गुळगुळीत करून, ग्रीस लावून मगच नवी सील घालावी. गंजका दांडा नवी सील महिन्याभरात कापतो. आम्ही पहिल्या वेळी हेच केले आणि दोन सीलांचे पैसे भरले.

टब धडधड आपटण्याचे कारण बहुधा यंत्रात नसते, भरणाऱ्याच्या हातात असते. टबाचा व्यास साधारण 25 सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला 1,300 ते 1,400 फेरे धरला, तर कडेच्या कापडावर त्याच्या वजनाच्या सुमारे 250 पट जोर पडतो. एका बाजूला केवळ 100 ग्रॅम ओले अस्तर जास्त झाले की टबाला 25 किलोचा हिसका बसतो, तोही दर फेऱ्याला. अस्तराचा तागा गोळा करून कोंबू नये. घड्या करून तळापासून गोल रचावा, वरची जाळी दाबून बसवावी. नव्या कापडातली कांजी आणि सुताचे तंतू दोन टबांमध्ये साचतात, म्हणून आम्ही आठवड्यातून एकदा रिकाम्या ड्रायरमध्ये साधे पाणी ओतून तो फिरवतो.

दुरुस्ती झाली की मागचे झाकण लावून चाचणी घ्यावी. थोडे ओले कापड टाकून टब पूर्ण वेगात येऊ द्या आणि झाकण उघडून मोजा. चार-पाच आकड्यांत टब थांबला पाहिजे. पंधरा मोजूनही फिरत असेल तर मशीन वापरात आणू नका, पुन्हा ब्रेक खोला. आमच्या घरी ही चाचणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होते आणि ती आमचा भाचा घेतो. तो उजव्या हाताने झाकण उघडतो आणि मोठ्याने आकडे मोजतो. मागच्या वेळी चारवर थांबला.